हिमनदीचा ओढा आणि झऱ्याचा ओढा

उंच डोंगरात एकाच उंचीवर दोन ओढे शेजारी वाहत असले, तरी त्यांतले जीव फार वेगळे असू शकतात. फरक पडतो तो उगमामुळे.

हिमनदीच्या टोकाशी ओढ्याचं पाणी साधारण २ अंश सेल्सिअसच्या खालीच असतं. उन्हाळ्यात दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं, तळाचे दगड हलतात. खडकाच्या बारीक पिठाने पाणी गढूळ होतं, शेवाळाला उजेड मिळत नाही. इथे टिकतात मुख्यतः डायमेसाच्या, म्हणजे डासासारख्या पण न चावणाऱ्या माशीच्या अळ्या. खाली पाणी तापतं, पात्र स्थिरावतं, तशा इतर जाती येतात. मिलनर आणि पेट्स या संशोधकांनी १९९४ मध्ये पाण्याचं तापमान आणि पात्राची स्थिरता याच दोन गोष्टी निर्णायक मानल्या.

झऱ्याचं तापमान वर्षभर जवळपास सारखं, पाणी नितळ. मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय या कीटकांच्या अळ्या इथे सुखाने वाढतात.

जातींच्या संख्येत झरा सहसा सरस. तरीही जपायचं तर मी आधी हिमनदीचा ओढा निवडेन. बर्फ आटला की तिथे जाती वाढतातही, पण केवळ थंडीत जगणाऱ्यांना आणखी वर सरकायला जागाच उरत नाही.