वॉरंटी संपल्यानंतर निकामी झालेले इंजिन : निर्मात्या कंपनीच्या साहाय्य-सेवेचे परीक्षण

वॉरंटीची मुदत संपून काही महिने लोटल्यावर माझ्या कारचे इंजिन चालत्या गाडीत बंद पडले. दुरुस्तीच्या खर्चात निर्मात्या कंपनीचा वाटा मिळावा म्हणून मी जो पाठपुरावा केला, त्यात त्या कंपनीची ग्राहक-सेवा मला जवळून पाहता आली. माझे मत असे झाले आहे की कंपनीच्या तांत्रिक विभागाचे काम उत्तम आहे, ग्राहक-सेवा कक्षाचे काम निकृष्ट आहे, आणि मदतीचे निकष ग्राहकाला कोठेही वाचायला मिळत नाहीत, हा या सेवेचा सर्वांत मोठा दोष आहे.

बिघाडाचे स्वरूप आधी सांगतो, कारण पुढचा सारा निर्णय त्यावरच अवलंबून होता. ऑइलचा लाल दिवा लागला, पाठोपाठ इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागले आणि गाडी बाजूला घेऊन थांबवेपर्यंत इंजिन जाम झाले. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये सम्प (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) उघडल्यावर टायमिंग चेनच्या, म्हणजे इंजिनाच्या झडपा वेळेवर चालवणाऱ्या साखळीच्या, प्लॅस्टिक गाइडचे (साखळीला मार्गावर ठेवणाऱ्या पट्टीचे) तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकलेले सापडले. जाळी तुंबल्यामुळे ऑइलचा दाब पडला होता, कनेक्टिंग रॉडचे (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग कोरडे पडून जागेवरून फिरले होते आणि क्रँकशाफ्टवर (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर) खोल ओरखडे उमटले होते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी मात्र बरोबर होती, आणि इंजिन उघडण्यापूर्वी मी तिचे छायाचित्र काढून घेतले होते. ऑइल कमी असताना गाडी चालवली, हा आक्षेप अशा प्रकरणांत सर्वांत आधी येतो. त्या एका छायाचित्रामुळे तो येथे उभाच राहू शकला नाही.

ग्राहक-सेवा कक्षाने दूरध्वनीवर दिलेले उत्तर एका ओळीचे होते: वॉरंटी संपली आहे, त्यामुळे काही करता येणार नाही. हे उत्तर अपुरे आहे. वॉरंटी हा ग्राहकाचा करारातला हक्क असतो आणि तो मुदतीबरोबर संपतो, हे खरे. परंतु मुदतीनंतर कंपनी स्वेच्छेने खर्चाचा वाटा उचलते, त्याला वाहन उद्योगात ‘गुडविल’ म्हणतात, आणि त्याची विनंती स्वीकारून पुढे पाठवणे हे या कक्षाचेच काम आहे. मी लेखी अर्ज करून त्यात ‘गुडविल’ हाच शब्द वापरला आणि प्रकरण-क्रमांक मागितला, तेव्हा कोठे प्रकरण तांत्रिक विभागाच्या क्षेत्रीय अभियंत्याकडे गेले. ज्या ग्राहकाला हा शब्द ठाऊक नाही, तो पहिल्याच उत्तरानंतर सर्व खर्च स्वतः सोसून मोकळा होत असेल, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अभियंत्याने जे प्रश्न विचारले, ते या सेवेचे खरे निकष आहेत असे मी समजतो. मुदत संपून किती काळ झाला, किलोमीटर किती झाले, सर्व सर्व्हिसिंग वेळापत्रकानुसार झाले का, ठरवून दिलेल्या ग्रेडचेच ऑइल वापरले का, ईसीयूमध्ये (इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकात) बाहेरून फेरफार केला आहे का, आणि दिवा लागल्यानंतर गाडी किती अंतर चालवली, हे त्यांनी एकेक करून तपासले. जॉब कार्ड आणि बिले तारखेनुसार लावलेली असल्यामुळे ही तपासणी रेंगाळली नाही. त्यांनी सुटे भाग स्वतः हाताळले, तुटलेला गाइड वेगळा ठेवायला सांगितला आणि कारण माझ्यासमोर स्पष्ट केले. इतका प्रामाणिक तांत्रिक संवाद मला अपेक्षित नव्हता. प्रकरण निकाली निघेपर्यंत जुने भाग कोणत्याही परिस्थितीत भंगारात जाऊ देऊ नयेत आणि तोपर्यंत दुरुस्तीच्या अंदाजपत्रकावर स्वाक्षरीही करू नये, असे मी आग्रहाने सांगेन, कारण भाग हाती नसतील तर बिघाडाचे मूळ दाखवायचे कसे?

एक गोष्ट मात्र आधीच ठरवावी लागते. इंजिन खोलून तपासण्याची मजुरी कोण देणार, हे सर्व्हिस सेंटर विचारते, आणि निर्णय विरुद्ध गेला तर ती ग्राहकावर पडते. सामान्य वाहन विम्यातही अपघाताशी संबंध नसलेला यांत्रिक बिघाड सहसा बसत नाही, त्यामुळे तेथून आधार मिळत नाही.

कंपनीचा पहिला प्रस्ताव सुट्या भागांच्या निम्म्या किमतीचा होता. मी त्याचा आधार लेखी विचारला आणि गाइडचे आयुष्य वॉरंटीच्या मुदतीपेक्षा कितीतरी अधिक अपेक्षित असते, हा मुद्दा अभियंत्याच्याच अहवालावरून मांडला. सुधारित प्रस्तावात सर्व भाग कंपनीने दिले. मजुरी, ऑइल आणि कूलंट माझ्याकडे राहिले. मला हा तोडगा न्याय्य वाटला.

दोष व्यापक असेल तर कंपन्या याहून पुढे जातात, हेही सांगायला हवे. अमेरिकेत ह्युंदाई आणि किया यांनी थीटा-२ इंजिनांतील कनेक्टिंग रॉड बेअरिंगच्या बिघाडासाठी शॉर्ट ब्लॉकची (क्रँकशाफ्ट व पिस्टनांसह इंजिनाच्या खालच्या मुख्य भागाची) वॉरंटी आजीवन केली, आणि प्यूजो, सिट्रोएन या गाड्यांची निर्माती स्टेलांटिस हिने २०२४ मध्ये युरोपात १.२ लिटर प्युअरटेक इंजिनांच्या टायमिंग बेल्टची अकाली झीज व ऑइलचा अतिवापर यांसाठी संरक्षण १० वर्षे किंवा १,७५,००० किलोमीटरपर्यंत वाढवले. म्हणून अर्ज करण्यापूर्वी आपल्या चॅसिस क्रमांकावर एखादे रिकॉल (दोषामुळे कंपनीने गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावणे) किंवा विस्तारित वॉरंटी लागू आहे का, हे अवश्य पाहावे. ती लागू असेल तर मदत ही विनंती उरत नाही, हक्क ठरतो.

तडजोडपत्रात नव्या भागांच्या वॉरंटीचा उल्लेख नव्हता आणि पुढे कोणताही दावा करणार नाही, असे वाक्य मात्र होते. मी ते वाक्य याच दुरुस्तीपुरते मर्यादित करून घेतले, नव्या भागांची वॉरंटी मुदतीसह लिहून घेतली आणि मगच स्वाक्षरी केली. तांत्रिक विभागाला मी पाचपैकी साडेचार गुण देईन, ग्राहक-सेवा कक्षाला दीड.