क्यूटी ६ च्या मीडिया प्लेयरवर चालू वेळ दाखवताना : काही महिन्यांच्या वापरानंतर

डेस्कटॉप ॲपमध्ये व्हिडिओखाली '०३:१५ / १२:४०' अशी वेळ दाखवायला क्यूटी (Qt, ॲप बनवायचं फ्रेमवर्क) मधला क्यूमीडियाप्लेयर हा व्हिडिओ चालवणारा क्लास पुरतो. पण तो देतो फक्त मिलिसेकंद, त्यांची वेळ करायचं काम आपलं.

क्यूटी ५ मध्ये पोझिशनचेंज्ड सिग्नल (चालू वेळ बदलल्याची सूचना) डीफॉल्टने १००० मिलिसेकंदांनी यायचा, त्यामुळे मधूनच एखादा सेकंद गाळल्यासारखा दिसे. ६ मध्ये नोटिफायइंटरव्हल (ही सूचना किती वेळाने यावी ते ठरवणारं सेटिंग) काढून टाकलाय आणि सिग्नल जास्त वेळा येतो. म्हणून सेकंद बदलला तरच सेटटेक्स्टने लेबलवरचा मजकूर बदला.

आकडे लिहायला क्यूटाइम (घड्याळाची वेळ ठेवणारा क्यूटीचा क्लास) वापरायचा मोह टाळाच. 'मिनिट:सेकंद' फॉरमॅट दिला की १ तास १५ मिनिटं २० सेकंदांचे निमूटपणे १५:२० होतात, आणि २४ तासांपुढे तो चालतच नाही. मिलिसेकंदांना १००० ने पूर्णांक भागाकार, मग ३६०० आणि ६० ने, एवढं पुरे. राउंड करू नका, नाहीतर घड्याळ अर्धा सेकंद पुढे पळतं. उरलेली वेळ काढताना दोन्ही आकडे आधी पूर्ण सेकंदांत आणा आणि मगच वजा करा. तरच चालू आणि उरलेली वेळ मिळून एकूण वेळेशी जुळते. फाइल लोड होईपर्यंत ड्युरेशन (एकूण वेळ) शून्य असतो, तोवर '--:--' दाखवलेलं बरं.

खरा त्रास स्लायडरचा. स्लायडरचा व्हॅल्यूचेंज्ड सिग्नल थेट प्लेयरच्या सेटपोझिशनला जोडला, की प्लेयर स्लायडर हलवतो, स्लायडर प्लेयरला सीक (त्या वेळेवर उडी) करायला लावतो, आणि आवाज अडखळू लागतो. हँडल ओढल्यावरच येणाऱ्या स्लायडरमूव्हडने हे थांबतं, पण बाणांच्या कीज आणि पट्टीवरचं क्लिक त्यात येत नाही. ॲक्शनट्रिगर्ड सर्वांत भरवशाचा: तो फक्त माणसाच्या हालचालीवर येतो, कोडमधून स्लायडर हलवणाऱ्या सेटव्हॅल्यूवर नाही. मात्र त्या क्षणी व्हॅल्यू जुनीच असते, वाचायची ती स्लायडरपोझिशन. हँडल धरलेलं असताना सेटव्हॅल्यू बंद ठेवा, लेबलवर स्लायडरची वेळ दाखवा आणि सीक हँडल सोडल्यावर, म्हणजे स्लायडररिलीज्डवर करा. शिवाय पेजस्टेप (पट्टीवरच्या एका क्लिकची उडी) डीफॉल्टने १० असतो. रेंज मिलिसेकंदांत असेल, तर पट्टीवर क्लिक केल्यावर व्हिडिओ १० मिलिसेकंद सरकतो, म्हणजे दिसायला काहीच होत नाही! पेजस्टेप १०००० आणि सिंगलस्टेप (बाणाच्या कीची उडी) १००० ठेवा.

लेबलची रुंदी '००:००:००' मोजून आधीच पक्की करा; नाहीतर तासाचा आकडा आला की शेजारची बटणं सरकतात. एकूण वेळ तासाच्या वर असेल तर तासांची जागा दोन्हीकडे पहिल्यापासून दाखवा.

साध्या प्लेयरला हे सगळं उत्तम चालतं. फ्रेमनिहाय टाइमकोड (सेकंदापुढे फ्रेमचा क्रमांकही दाखवणारी वेळ) हवा असेल तर मात्र जपून. सेकंदाला २९.९७ फ्रेम्स म्हणतात त्या व्हिडिओचा खरा दर ३००००/१००१ आहे. सेकंदांना सरळ ३० ने गुणलं तर तासाभरात १०८ फ्रेम्सचा, म्हणजे ३.६ सेकंदांचा फरक पडतो.