स्टेशनातली कॅब, जहाजावरची रेषा, लाइफबोटींचा तक्ता: ब्रिटिश सरकारच्या तीन जुन्या नियमांचं परीक्षण

सरकारी नियम ही एक सेवा असते. तिचे पैसे आपण करातून आणि तिकिटातून मोजतो, मग तिचं परीक्षण का करू नये? इथे तपासायला घेतलेले तिन्ही नियम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले आणि विसाव्याच्या सुरुवातीचे, ब्रिटनमधले आहेत. दोन बोर्ड ऑफ ट्रेडच्या, म्हणजे व्यापार आणि जहाजवाहतूक बघणाऱ्या सरकारी खात्याच्या अखत्यारीतले, तर कॅबचा गृहखात्याच्या. तिघांनाही विचारायचे प्रश्न तेच. नियम नेमकं काय मोजतो? ते मोजमाप तिऱ्हाइताला पडताळता येतं का? आणि गडबड दिसली तर जागच्या जागी अडवायचा अधिकार कुणाला आहे?

सुरुवात कॅबपासून करू, कारण तिथलं दुखणं लहान आणि लगेच कळणारं आहे. लंडनच्या रस्त्यावर भाड्याने फिरणाऱ्या घोडागाडीवर सरकारचा चांगला वचक होता. १८५० पासून परवाने पोलीस कमिशनरकडे होते, १८५३ च्या कायद्याने मैलाचे दर बांधले होते आणि १८६९ च्या कायद्याने नियम करायचे अधिकार गृहमंत्र्याला मिळाले. पण रेल्वे स्टेशनचं आवार ही कंपनीची खासगी मालमत्ता. तिथे कुठली गाडी उभी राहील हे कंपनी ठरवायची. यातून खास परवानगीच्या कॅबची पद्धत आली. गाडीमालकाने कंपनीला ठरावीक रक्कम भरायची, मग त्याच्याच गाड्यांना फलाटाशेजारी रांग लावता यायची. बाकीच्यांनी उतारू आणून सोडायचा आणि रिकाम्या गाडीनिशी फाटकाबाहेर पडायचं.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. रात्री उशिराच्या गाडीलाही कॅब हजर पाहिजे, आणि बांधील मालक असला की ती हमी मिळते, असं त्या म्हणत. पण भुर्दंड कुणाला पडायचा ते बघा. कंपनीला भरलेली रक्कम शेवटी गाडीवानाच्या कमाईतूनच निघायची. दर मैलाला ६ पेन्स, चेरिंग क्रॉसपासून ४ मैलांच्या वर्तुळात पहिल्या २ मैलांना किमान १ शिलिंग आणि बाहेर ठेवलेल्या सामानाच्या नगामागे २ पेन्स. हे सगळं छापील होतं, पण गाडीत अंतर मोजणारं काहीच नव्हतं. पेट्याबोचकी घेऊन परक्या शहरात उतरलेल्या माणसाने दोन मैल की अडीच, यावर गाडीवानाशी वाद घालायचा तरी कसा? दर बांधला आणि मोजमाप सोडून दिलं, की नियम असा कागदावर राहतो.

१९०७ च्या लंडन कॅब अँड स्टेज कॅरेज कायद्याने दोन्ही गोष्टी एकदम धरल्या, म्हणून तो मला आवडतो. एकीकडे टॅक्सीमीटरप्रमाणे भाडं ठरवायची सोय झाली आणि मोटार कॅबना मीटर सक्तीचा झाला. पहिल्या मैलाला ८ पेन्स, आकडा उतारूच्या डोळ्यांसमोर. दुसरीकडे स्टेशनातली खास परवानगी रद्द झाली आणि फाटक सगळ्या परवानाधारक कॅबना खुलं झालं. त्यातही एक शहाणपणाची खाच ठेवली होती. फाटक उघडल्यामुळे एखाद्या स्टेशनात कॅब पुरेनाशा झाल्या, तर चौकशी करून त्या स्टेशनापुरता नियम स्थगित करायचा किंवा बदलायचा अधिकार गृहमंत्र्याला दिला होता. कंपन्यांच्या आक्षेपात जेवढं तथ्य होतं तेवढं कायद्याने मानलं आणि बाकीचं बाजूला सारलं. तिन्ही प्रश्नांवर हा नियम उत्तीर्ण.

आता जहाजाकडे. या तिघांत माझ्या मते सर्वांत उत्तम वस्तू म्हणजे भरणरेषा, म्हणजेच प्लिमसोल रेषा: माल भरून जहाज कुठवर बुडू द्यायचं ते दाखवणारी त्याच्या कडेवरची खूण. तिची पहिली आवृत्ती मात्र सदोष होती, हे आधीच सांगितलं पाहिजे.

डर्बीचे खासदार सॅम्युएल प्लिमसोल यांनी जास्त माल भरून, भारी विमा उतरवून समुद्रात सोडलेल्या जहाजांविरुद्ध मोहीम उघडली होती. २२ जुलै १८७५ रोजी पंतप्रधान डिझरायली यांच्या सरकारने जहाजांचं विधेयक बाजूला ठेवलं, तेव्हा त्यांनी सभागृहातच सरकारवर तोफ डागली. लोकमत इतकं तापलं की काही आठवड्यांत वर्षभराचा तात्पुरता कायदा आला आणि १८७६ मध्ये कायमचा. या कायद्याने जहाजावर रेषा काढणं सक्तीचं केलं, पण ती कुठे काढायची हे मालकावर सोपवलं! रेषा आहे, सर्वांना दिसते आहे, पण ती कशाचीच हमी देत नाही. रेषेची जागा ठरवण्याचं काम मालकाच्या हातून काढायला १८९० उजाडावं लागलं. तेव्हापासून ती बोर्ड ऑफ ट्रेडच्या तक्त्यांनुसार ठरू लागली. मधली चौदा वर्षं खलाशांनी आपल्या जिवावर काढली, हे मला या नियमाच्या इतिहासातलं सर्वांत वाईट पान वाटतं.

१८७६ च्या कायद्यातला अडवणुकीचा भाग मात्र पहिल्यापासून भक्कम होता. असुरक्षित किंवा अतिभारित जहाज तात्पुरतं रोखून तपासायचा अधिकार बोर्ड ऑफ ट्रेडला होता, आणि मालकाला दाद मागायला सर्वेक्षण न्यायालय होतं. रोखणं विनाकारण ठरलं तर भरपाई सरकारने द्यायची. तक्रारदाराकडून एरवी खर्चाचा जामीन मागता येत असे. पण जहाजावरच्या खलाशांपैकी एक चतुर्थांश, आणि किमान तिघांनी, जहाज सुटण्याआधी वेळेत तक्रार केली तर जामीन मागायचा नाही. खिशात दमडी नसलेल्या खलाशालाही दार उघडं राहावं म्हणून कुणीतरी नीट विचार करून घातलेलं हे कलम आहे.

ही खूण आज कशी असते ते पाहा. जहाजाच्या मध्यावर, दोन्ही बाजूंना एक कडं. बाहेरचा व्यास ३०० मिलिमीटर, पट्टीची जाडी २५. त्यातून ४५० मिलिमीटर लांबीची आडवी रेषा जाते आणि तिची वरची कड बरोबर कड्याच्या केंद्रातून जाते. जुन्या मापात १२ इंच आणि १८ इंच, म्हणजे आकार जवळपास तोच राहिला. कड्याच्या केंद्रापासून नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या दिशेने ५४० मिलिमीटरवर उभी रेषा आणि तिला फुटलेल्या आडव्या रेघा: उन्हाळा, हिवाळा, उष्ण कटिबंध, गोडं पाणी, आणि लहान जहाजांना उत्तर अटलांटिकच्या हिवाळ्यासाठी वेगळी. वाचायची प्रत्येक रेघेची वरची कड. खूण पत्र्यावर कायमची उमटवलेली असते. नुसता रंग असता तर एका रात्रीत वर सरकवता आला असता. गडद पार्श्वभूमीवर पांढरा किंवा पिवळा रंग, फिकट असेल तर काळा.

हिवाळ्याची रेघ उन्हाळ्याच्या रेघेखाली किती? उन्हाळी ड्राफ्टचा, म्हणजे जहाज पाण्याखाली जितकं खोल असतं त्या मापाचा, अठ्ठेचाळिसावा भाग. ड्राफ्ट ९.६ मीटर असेल तर २०० मिलिमीटर. उष्ण कटिबंधाची तेवढीच वर. गोड्या पाण्यात जहाज जास्त बुडतं, कारण पाणी हलकं. ही सूट मिलिमीटरमध्ये काढायला जहाजाचं विस्थापन (ते बाजूला सारतं त्या पाण्याचं वजन) टनांत घ्यायचं आणि एक सेंटिमीटर बुडायला लागणाऱ्या टनांच्या चौपटीने भागायचं. २०,००० टन विस्थापन आणि सेंटिमीटरला २५ टन असतील तर २०० मिलिमीटर. नदीच्या मुखाजवळच्या गोदीत पाणी धड गोडं नसतं, धड खारं नसतं. तिथे हायड्रोमीटर या घनता मोजणाऱ्या उपकरणाने घनता घ्यायची. ती १०१० आली तर समुद्राच्या १०२५ पासून फरक १५. २०० ला १५ ने गुणून २५ ने भागलं की १२० मिलिमीटर. तेवढी रेषा गोदीत बुडाली तरी चालेल, समुद्रात पोचल्यावर ती वर येईल. घनतेचा नमुना जहाजाच्या कडेला, वेगवेगळ्या खोलीवरून घ्यावा. जहाजातून सांडपाणी पडतं त्या जागी घेतलेला नमुना फसवतो.

रेषा वाचताना चुका होतात त्या ठरलेल्या. जहाज एका बाजूला कललं असेल तर एका बाजूची रेषा कोरडी दिसते, म्हणून दोन्ही बाजू वाचून सरासरी काढावी. दुसरी चूक जास्त लबाड. माल नाळ आणि वरामाकडे (मागच्या टोकाकडे) जास्त भरला की दोन्ही टोकं खाली झुकतात आणि मधला भाग उचलला जातो. रेषा मध्यावरच असल्याने ती वर दिसते आणि आणखी माल घ्यायचा मोह होतो. नाळेचा आणि वरामाचा ड्राफ्ट वाचून त्यांची सरासरी मध्याच्या ड्राफ्टशी ताडायची. सरासरी जास्त निघाली तर जहाजाची पाठ वर आली आहे असं समजावं.

भरणरेषा किती भरलं ते सांगते, कसं भरलं ते सांगत नाही. सुटं धान्य लाटांवर एका बाजूला घसरलं तर रेषा पाळलेलं जहाजही उलटतं. त्यासाठी १८८० मध्ये धान्यवाहतुकीचा वेगळा कायदा करावा लागला. १९०६ मध्ये लॉईड जॉर्ज बोर्ड ऑफ ट्रेडचे अध्यक्ष असताना ब्रिटिश बंदरांत येणाऱ्या परदेशी जहाजांनाही रेषा लागू करणारा कायदा झाला. ते चांगलंच झालं. पण त्याच वर्षी तक्ते सुधारून जहाजांना आधीपेक्षा खोल भरायची मुभा मिळाली, आणि त्यावर खलाशांच्या बाजूने टीका झाली ती रास्त होती. तरीही या वस्तूचं मोठेपण कमी होत नाही. धक्क्यावरचा हमालसुद्धा रेषा पाण्याखाली गेली की नाही हे बघू शकतो.

तिसरा नियम नापास, आणि नापास का झाला ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. लाइफबोटींचा तक्ता जहाजाच्या टनांवर बेतलेला होता, आणि त्याची शेवटची पायरी होती १०,००० टन आणि त्याहून अधिक. त्या पायरीला डेव्हिटवर, म्हणजे बोटी खाली सोडायच्या वाकड्या खांबांवर, किमान १६ बोटी आणि ५,५०० घनफूट जागा. सगळ्यांना तेवढी पुरत नसेल तर त्या घनफुटांच्या तीन चतुर्थांश जागा आणखी जोडायची. म्हणजे एकूण ९,६२५. माणशी १० घनफूट धरले तर ९६२ माणसं. तक्ता झाला तेव्हा सर्वांत मोठी जहाजं १३,००० टनांच्या आसपास होती. टायटॅनिक ४६,३२८ टनांचं होतं आणि पायरी तीच लागू झाली.

एका बोटीचा हिशोब करून पाहा. लांबी ३० फूट, रुंदी ९ फूट १ इंच, खोली ४ फूट. गुणाकाराला ०.६ ने गुणलं की सुमारे ६५५ घनफूट, म्हणजे ६५ माणसं. अशा १४ बोटींत ९१०, दोन लहान बोटींत ८०, घडीच्या ४ बोटींत १८८. एकूण १,१७८. जहाजावर होती सुमारे २,२००. नियम मोडला नव्हता, उलट नियमापेक्षा जास्त जागा होती. १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे सुमारे १,५०० माणसं गेली. तक्त्याने टन मोजले, बुडणार होती माणसं. भरणरेषा थेट धोकाच मोजते, हा तक्ता मात्र धोक्याच्या जागी भलतंच काही मोजत होता, आणि जहाजं वाढली तरी त्याकडे बघायला कुणी वेळेवर बसलं नाही. उतारूलाही बोटी मोजून काही कळलं नसतं. २० बोटी पाहून कुणालाही भरपूरच वाटल्या असत्या.

२० जानेवारी १९१४ रोजी लंडनमध्ये पहिला आंतरराष्ट्रीय सुरक्षा करार झाला आणि जहाजावरच्या प्रत्येकासाठी बोटीत जागा हे तत्त्व मान्य झालं. युद्धामुळे तो ठरल्याप्रमाणे अमलात आला नाही. अमेरिकेने १९१५ मध्ये स्वतःचा कायदा करून बोटी वाढवायला लावल्या. इस्टलँड या आधीच वरून जड असलेल्या जहाजावर जादा बोटी आणि तराफे चढवले गेले. २४ जुलै १९१५ रोजी ते शिकागो नदीत धक्क्यालाच कलंडलं आणि ८४४ माणसं गेली. म्हणून बोटींचा नियम तपासताना आसनांची संख्या माणसांएवढी आहे का हे पाहिल्यावर तिथेच थांबू नये. त्या बोटी वरच्या डेकवर चढवल्यानंतर जहाजाचा तोल पुन्हा मोजला का, आणि तो मोजायची सक्ती नियमात आहे का, हे लगेच विचारावं.