झुडूप उपटायची तरफ: दोन पावसाळे वापरल्यावर

आम्ही काही जण मिळून जे रान सांभाळतो, तिथे घाणेरी आणि सुबाभूळ हटता हटत नाहीत. त्यांच्यासाठी ही तरफ घेतली. खाली लोखंडी जबडा, वर छातीइतका दांडा. खोड बुंध्याशी जबड्यात धरायचं, दांडा मागे रेटायचा, की रोप मुळासकट वर. सुबाभळीचं सोटमूळ सुटताना आधी मातीत 'कट्' असा बारीक आवाज येतो, मग सगळं एकदम ढिलं पडतं. त्या आवाजाचं मला व्यसनच लागलंय.

पण हे ओल्या मातीत. कोरड्या जमिनीत खोड मातीलगत तुटतं आणि त्या थुटक्याला पुन्हा फुटवे. अंगठ्याहून जाड खोडाची नुसती साल सोलून जबडा निसटतो. मी एकदा अशीच पाठीवर आपटले आहे, सांगायला लाज कसली.

घाणेरीच्या जुन्या जाळीत तर हिचा काहीच उपयोग नाही. तिथे कुदळच हवी. मातीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं. फुटवे येतात खोड-मुळाच्या सांध्यातून, तो सांधाच निघून येतो. हे फळं धरायच्या आत करा, नाहीतर पाखरं बिया पुन्हा पेरून जातात.

वजन जास्त आहे. जबड्याचा नट सारखा ढिला होतो, म्हणून पाना खिशातच ठेवते. पाचापैकी चार तारे.