लिहायला बसण्याआधीची झाडलोट : ब्लॉगर की वर्डप्रेस?

ब्लॉग सुरू करायचं ठरलं की पहिला आठवडा लिहिण्यात जात नाही. तो ब्लॉगला नाव शोधण्यात आणि 'कुठे लिहू' या प्रश्नात जातो. माझा तर पाऊण महिना गेला. पुढे मी दोन्ही घरांत राहून पाहिलं. आधी अडीच वर्षं स्वतःच्या डोमेनवर (म्हणजे आपल्या नावाच्या वेबपत्त्यावर) वर्डप्रेस आणि त्यानंतर ब्लॉगर, ही गुगलची ब्लॉग लिहायची मोफत सेवा. लोक सहसा ब्लॉगरवरून वर्डप्रेसला जातात, मी उलटा आलो. म्हणून पुढचं काही एकतर्फी वाटलं तर त्याचं कारण हे समजा.

मीडियम आणि सबस्टॅक या लिहायच्या आणखी दोन जागा आधीच बाजूला ठेवतो. मीडियम दिसायला देखणं आहे, लिहायची खिडकी तर सगळ्यांत सुंदर. पण तिथे घर त्यांचं आणि आपण पाहुणे, असं मला सतत वाटत राहिलं. गंमत म्हणजे ते २०१२ साली काढणारे इव्हान विल्यम्स हे ब्लॉगरच्या संस्थापकांपैकीच एक. सबस्टॅक म्हणजे खरं तर पत्र, वाचकाच्या ईमेलमध्ये जाऊन पडणारं. वर्गणीदारांची यादी आपल्याला उतरवून घेता येते, ही त्याची मोठी जमेची बाजू. वर्गणी लावली तर तिच्यातले १० टक्के ते घेतात. नेमाने पत्र धाडायची शिस्त ज्याच्या अंगी आहे, त्याने खुशाल तिकडे जावं. माझ्या अंगी ती नाही.

राहिले दोघं. त्यातही वर्डप्रेस म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी, हे नवख्याला कुणी नीट सांगत नाही. एक, २००३ साली आलेलं मुक्त सॉफ्टवेअर. ते आपण होस्टिंग, म्हणजे वेबसाइट ठेवायला भाड्याची जागा, घेऊन स्वतः बसवायचं. दुसरी, वर्डप्रेस डॉट कॉम ही तयार सेवा. तिच्या मोफत खात्यात आपल्या लेखांवर त्यांच्या जाहिराती येतात, प्लगइन (जादा सोयींचे जोड-तुकडे) टाकता येत नाहीत आणि स्वतःचं डोमेन जोडायचं तर पैसे भरून वरच्या योजनेत जावं लागतं. ब्लॉगर डोमेन फुकटात जोडू देतं, खर्च फक्त डोमेनचा. हिशेब इतकाच असता तर लेख इथेच संपला असता, पण तो इतकाच नाही. मन लावून ब्लॉग करणारा माणूस शेवटी त्या पहिल्या, स्वतः बसवायच्या वर्डप्रेसकडेच वळतो. मीही वळलो होतो.

आणि ते चांगलं आहे, हे मान्य करायला हवं. लेखाच्या दुव्याचंच (लिंकचंच) घ्या. ब्लॉगरला दुव्यात फक्त रोमन अक्षरं चालतात. लेखाला देवनागरी शीर्षक दिलं की ते दुव्याच्या शेवटी 'ब्लॉग-पोस्ट' (blog-post) एवढंच लावतं आणि पुढच्या लेखांना त्याच्यामागे आकडे जोडतं. प्रकाशित करण्याआधी उजवीकडच्या रकान्यात जाऊन आपण रोमनमध्ये दुवा लिहिला तरच तो अर्थपूर्ण होतो, नंतर बदलायचा तर लेख आधी मसुद्यात परत न्यावा लागतो. शिवाय साल आणि महिना दुव्यात कायमचे बसतात. वर्डप्रेस देवनागरी दुवा घेतं खरं, पण कुठे चिकटवला की बऱ्याचदा त्याची टक्क्याच्या खुणांची (%) माळ होते. देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह युनिकोडच्या साठवणीत तीन बाइट घेतं आणि दुव्यात त्याची नऊ चिन्हं होतात. वर्डप्रेसची मर्यादा २०० चिन्हांची. म्हणजे काना-मात्रा धरून बावीसेक चिन्हं झाली की शीर्षक मध्येच तुटतं. असा दुवा मी मित्राला पाठवला तेव्हा त्याने 'तुझा फोन हॅक झालाय का' असं विचारलं होतं. तरीही वर्डप्रेसला दुवा कधीही बदलता येतो आणि जुन्या दुव्यावर आलेल्या माणसाला ते आपणहून नव्या जागी नेऊन सोडतं. या बाबतीत ते उजवंच.

मग मी तिथून का निघालो? झाडलोटीमुळे.

वर्डप्रेस उघडलं की डाव्या बाजूला लाल टिकलीत एक आकडा असायचा. तीन अद्यतनं बाकी. दोन प्लगइनची, एक थीमचं, म्हणजे ब्लॉगच्या दिसण्याच्या साच्याचं. ती टाळायचीही सोय नाही, कारण जुनं प्लगइन म्हणजे चोरासाठी उघडी ठेवलेली खिडकी. मग आधी बॅकअप, मग अद्यतन, मग सगळं जागच्या जागी आहे का ते पाहणं. तोवर प्रतिक्रियांमध्ये चाळीस कचरा-संदेश साचलेले, तेही उपसायचे. एका संध्याकाळी डोक्यात एक लेख पुरता तयार होता, पहिलं वाक्यसुद्धा. म्हटलं, आधी अद्यतनं उरकून घेऊ. एक प्लगइन अद्ययावत झालं आणि ब्लॉगच्या जागी पांढरं पान आलं. होस्टिंगवाल्यांना लिहिलं, तर त्यांचं उत्तर असं की प्लगइन हा आमचा विषय नाही. शेवटी फाइल मॅनेजरमध्ये जाऊन त्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदललं, तेव्हा ब्लॉग परत आला. रात्रीचे साडेअकरा झाले होते. ते पहिलं वाक्य काही परत आलं नाही.

दोष खरं तर सॉफ्टवेअरचा म्हणता येणार नाही. इतकी प्लगइनं घ्यायला मला कुणी सांगितलं होतं? पण तो डोलारा हाताशी असला की माझ्यासारखा माणूस त्याच्याशी खेळत बसतो. शेवटच्या वर्षी मी नऊ लेख लिहिले आणि थीम सात वेळा बदलली. याला मोजमाप म्हणत नाहीत, मला कळतं. माझ्यापुरता निकाल मात्र त्यानेच लागला.

ब्लॉगर उघडलं की लेखांची यादी आणि 'नवीन पोस्ट'. बस. अद्ययावत करायला काही नाही, कारण आपल्या हातात काही नाहीच. संपादक जुनाट आहे, दुसरीकडून मजकूर आणून चिकटवला की फॉन्टचा गोंधळ करतो (साधा मजकूर म्हणून चिकटवायची सवय लावा), तयार थीम बघून कुणी वाहवा करणार नाही. पण थीममध्ये हात घालायला मुभा आहे, फुकटात, आणि मराठीत लिहिणाऱ्याला ती लागतेच. बऱ्याच थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. शीर्षकात अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असलं की आपली शिरोरेषा तुकड्यातुकड्यांनी तुटते. ओळींमधलं अंतर कमी असलं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफारांना भिडतात. सीएसएसच्या, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या सूचनांच्या, चौकटीत दोन ओळी टाकल्या, अक्षरांतलं अंतर शून्य आणि ओळींचं १.८, की पान वाचण्याजोगं होतं. एवढीच काय ती झाडलोट, तीही एकदाच.

आता ज्याची सगळ्यांना धास्ती असते ते. उद्या गुगलने ब्लॉगर बंद केलं तर? धास्ती खोटी नाही. २०१३ मध्ये ब्लॉग वाचायचं गुगल रीडर गेलं, २०१९ मध्ये गुगल प्लस हे समाजमाध्यम. ब्लॉगर १९९९ पासून आहे आणि २००३ पासून गुगलकडे, पण वय हा काही करार नव्हे. मात्र पैसे भरले म्हणजे निर्धास्त, असंही नाही. टाइपपॅड ही २००३ पासूनची पैसे घेणारी सेवा, ३० सप्टेंबर २०२५ ला बंद झाली. त्यामुळे कुठेही असा, महिन्यातून एकदा आपले लेख उतरवून ठेवणं आलंच. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये बॅकअपचा पर्याय आहे.

इथे एक गोष्ट मी निघताना शिकलो, तुम्ही आधीच शिका. ब्लॉगरमधले लेख वर्डप्रेसमध्ये नेता येतात, त्यासाठी आयात करायची सोय आहे. उलट दिशेला तशी थेट सोय नाही. मी माझे लेख एकेक करून हाताने चिकटवले. दोन रविवार गेले. तेव्हा ज्याला अजून आपण किती लिहिणार हेच माहीत नाही, त्याने ज्या घराचं दार बाहेर उघडतं तिथे आधी राहावं, असं आपलं मला वाटतं. फक्त डोमेन पहिल्याच दिवशी स्वतःचं घ्या. पुढे वर्डप्रेसला गेलातच, तर तिथे दुव्याची रचना साल, महिना, लेखाचं नाव आणि शेवटी .html अशी, म्हणजे ब्लॉगरसारखीच, ठेवता येते, म्हणजे जुने दुवे तसेच चालू राहतात.

दुकान चालवायचं असेल, सभासदांसाठी वेगळी पानं हवी असतील, चारपाच जणांनी मिळून अंक काढायचा असेल, तर माझं ऐकू नका. ती कामं ब्लॉगरची नव्हेत, वर्डप्रेसच घ्या. आणि ज्यांना थीम बदलण्यातच आनंद आहे त्यांनीही. तो आनंद खराच असतो, मी उपभोगलाय.

ब्लॉगरवर आल्यापासून दीड वर्षात एकतीस लेख झाले. त्यातल्या पहिल्याच्या वेळी उजवीकडच्या रकान्यात दुवा लिहायचं राहून गेलं. त्याच्या दुव्याच्या शेवटी अजून 'ब्लॉग-पोस्ट' एवढंच आहे.