हायक्लेअर की चॅट्सवर्थ? पडद्यावरचा सरदारी वाडा बघायचा तर

'डाउनटन ॲबी' ही ब्रिटिश मालिका बघून, जिथे ती चित्रित झाली त्या इंग्लंडच्या हँपशरमधल्या हायक्लेअर कासलला गेलात, तर नोकरांचं स्वयंपाकघर शोधत बसू नका. ते तिथे नाहीच. वाड्यातलं खरं स्वयंपाकघर आधुनिक झालेलं असल्याने तो सेट लंडनच्या ईलिंग स्टुडिओत उभारला होता. दिवाणखाना, ग्रंथालय, ओक लाकडाचा जिना मात्र तिथलेच. तळघरात इजिप्तचं प्रदर्शन आहे, कारण प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या थडग्याच्या १९२२ च्या शोधामागचा पैसा इथल्याच सरदाराचा, पाचव्या अर्ल ऑफ कार्नार्व्हनचा.

अडचण तारखांची. कार्नार्व्हन कुटुंब अजून तिथे राहतं, त्यामुळे वाडा वर्षातले मोजकेच दिवस उघडतो. आधी तिकीट, मग प्रवासाची आखणी. लंडनच्या पॅडिंग्टनहून न्यूबरीपर्यंत रेल्वे, पुढे टॅक्सी. आत फोटो काढता येत नाहीत, म्हणजे रील करणाऱ्यांचा हिरमोड ठरलेला.

डर्बीशरमधलं चॅट्सवर्थ त्या मानाने सोपं आणि, खरं सांगायचं तर, जास्त वसूल. वर्षाचा बराच काळ खुलं, शेफिल्डहून बसही जाते. २००५ च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' चित्रपटातलं नायक डार्सीचं घर ते हेच. शिल्पदालनात गेलात की लगेच ओळखू येतं. बागेतलं १८४४ चं एम्परर कारंजं पंपाशिवाय, वरच्या माळावरच्या तळ्याच्या दाबावर उडतं. पूर्ण दिवस ठेवा. दुपारी पोचणाऱ्यांची बाग हमखास राहून जाते.

मालिकेचे भक्त असाल तरच हायक्लेअर आधी.