सत्तरची बॉनव्हिल की अठ्ठ्याहत्तरची?

इंग्लंडात घर झालं, घराला गॅरेज आलं आणि वयाची पंचेचाळिशी गाठली की मराठी माणसाला जुनी ट्रायम्फ मोटरसायकल हवीशी वाटते. निदान माझ्या ओळखीतल्या तिघांचं तरी असं झालंय. तिघांचा प्रश्न एकच: १९७०ची बॉनव्हिल टी१२० घ्यावी की नंतरची टी१४०? मी दोन्ही सांभाळल्या आहेत. सत्तरची तीन उन्हाळे होती, अठ्ठ्याहत्तरच्या टी१४०ला आता सहावं वर्ष आहे. तेव्हा बोलायला हरकत नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा, की हे मत डोक्याचं कमी आणि पायांचं जास्त आहे.

दोन्ही गाड्यांचं माहेर एकच. कॉव्हेंट्री आणि बर्मिंगहॅमच्या मधलं मेरिडन गाव. नोव्हेंबर १९४०मधल्या जर्मन बॉम्बफेकीत कॉव्हेंट्रीतला जुना कारखाना बेचिराख झाला, म्हणून १९४२मध्ये ट्रायम्फनं इथे बिऱ्हाड हलवलं. इंजिनाचं मूळही एकच, एडवर्ड टर्नरचं १९३७चं स्पीड ट्विन. पण एक भरल्या घरात जन्मली आणि दुसरी घराची वाटणी झाल्यावर. १९७०च्या सुमाराला मेरिडनच्या गाड्या जहाजं भरभरून अमेरिकेला जात होत्या. सप्टेंबर १९७३मध्ये नव्या मालकांनी, म्हणजे नॉर्टन व्हिलियर्स ट्रायम्फ या कंपनीच्या डेनिस पूअर यांनी, मेरिडनचा कारखाना बंद करणार असं जाहीर केलं. कामगारांनी फाटक अडवलं ते जवळजवळ दीड वर्ष. शेवटी उद्योगमंत्री टोनी बेन यांनी सरकारी कर्ज मिळवून दिलं आणि १९७५मध्ये कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. सहकार म्हटलं की आपल्याला साखर कारखाना आठवतो, अध्यक्षांच्या गाडीसकट. इथे फोरमनपासून झाडूवाल्यापर्यंत पगार सारखाच. १९८३मध्ये तीही बुडाली. आता त्या जागी घरं आहेत आणि एका गल्लीचं नाव बॉनव्हिल क्लोज आहे. एकदा मुद्दाम जाऊन आलो. दारोदार गाड्या उभ्या होत्या, त्यात मोटरसायकल एकही नव्हती.

दिसण्यात सत्तरचीला तोड नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. लाल-रुपेरी टाकी, सडपातळ बांधा, कुठूनही बघा. पेट्रोल पंपावर अनोळखी म्हातारे जवळ यायचे, टाकीवरून हात फिरवायचे आणि १९६८ साली आपली कशी होती ते सांगत बसायचे. टी१४०जवळही येतात, पण "हं, सहकारीवाली" म्हणून मान हलवतात आणि कॉफी घ्यायला जातात. १९७१पासून ऑइलची वेगळी टाकी गेली आणि ऑइल चासीच्या जाड नळीतच भरायला लागलं. जुन्या मंडळींना ते अजून पटलेलं नाही. मला त्यानं काही फरक पडला नाही.

थरथर दोघींना आहे, ते सांगायला नको. किक दोघींना मारावी लागते, बटण १९८०मध्ये आलं. रोड टॅक्स दोघींना माफ. पान्यांचा घोळ मात्र सत्तरचीत जास्त. काही आटे जुने, काही नवे. व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाच्या, पान्यावरचा आकडा बोल्टाच्या जाडीचा, तर नव्या पान्यावरचा आकडा बोल्टाच्या डोक्याच्या रुंदीचा. त्यामुळे ३/८ म्हणून उचललेला पाना कधी बसतो, कधी गरगर फिरतो. टी१४०मध्ये हा घोळ संपत नाही, पण एका डब्यात मावतो.

आता पायांचं.

मी गाडी शिकलो बाबांच्या बुलेटवर, कराडला. जुन्या बुलेटचा गियर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. टी१२०चंही तसंच. घेताना मला वाटलं, अरे, ही तर घरचीच! इथल्या पोरांना उजवा गियर जमत नाही, आपल्याला काय अडचण? अडचण अशी, की बुलेटचा पहिला गियर वर आणि बाकीचे खाली. ट्रायम्फचा पहिला खाली आणि बाकीचे वर. पाय तोच, बाजू तीच, दिशा उलटी. अजिबात सवय नसती तर शिकलो असतो. ही सवय अर्धी बरोबर होती, आणि तिनंच घात केला.

पहिल्याच रविवारी मेरिडनच्या चौकातून बाहेर पडताना दुसऱ्यातून तिसरा टाकायला म्हणून पाय दाबला. पडला पहिला. इंजिन किंचाळलं, मागचं चाक रस्त्याला घासलं, आणि मागच्या व्हॅनवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. मग सिग्नलला थांबलो, पहिल्यासाठी पाय वर केला, दुसरा पडला, क्लच सोडला, गाडी बंद. बुलेटला टाचेनं न्यूट्रल पाडायची वेगळी दांडी असायची, आठवतंय? माझी टाच तीन उन्हाळे ती दांडी शोधत होती. डोक्याला सगळं कळत होतं. पण घाईच्या वेळी डोक्याला विचारतो कोण?

अमेरिकेच्या नियमांमुळे मेरिडनला गियर डावीकडे न्यावा लागला, आणि १९७६च्या मॉडेलपासून सगळ्या टी१४० तशाच आहेत. पाच गियर, पहिला खाली, बाकी वर, आजच्या कुठल्याही गाडीसारखे. जाणकार म्हणतात, गियरचा शाफ्ट उजवीकडून आडवा डावीकडे नेल्यानं गियरमधली ती जुनी मजा गेली. असेल. मी ऑफिसला नेतो त्या गाडीवरून उतरून टी१४०वर बसलो, तर डाव्या पायाला नवं काही शिकवावं लागत नाही. उजवा पाय ब्रेकवर गप्प बसतो. त्याची बुलेट त्याच्यापाशी.

तुमच्या घरी बुलेट नसेल, तर हे पायांचं सगळं सोडून द्या आणि खुशाल सत्तरची बघा. पैसे साधारण जास्त पडतील, पण विकताना परतही येतील. वर्षातून चार रविवार, ऊन असताना, ओळखीच्या रस्त्यावर फिरवायची असेल तर तीच घ्या, मी वाद घालणार नाही. रोज नाहीतर दिवसाआड काढायची, पावसात भिजवायची, वेल्सपर्यंत न्यायची असेल, तर माझ्या मते टी१४०.

कुठलीही घ्या, इंजिनवरचा नंबर आधी बघा. १९६९पासून नंबराच्या पट्टीवर बारीक-बारीक ट्रायम्फचीच नक्षी असते. ती घासून गुळगुळीत केलेली दिसली, तर कोणी तरी नंबर बदललाय असं समजा. पहिलं अक्षर महिन्याचं, दुसरं मॉडेलच्या वर्षाचं: १९७०ला डी, १९७८ला एक्स. एका व्यापाऱ्याकडे मला "पक्की सत्तरची" दाखवली, तिची पट्टी आरशासारखी चकचकीत होती. चहा पिऊन परत आलो. आणि जाल तेव्हा इंजिनाला हात लावून बघा. गरम लागलं, तर तुम्ही यायच्या आधी कोणी तरी थंड गाडी सुरू करायला किका मारून घाम गाळलेला आहे.

गेल्या उन्हाळ्यात बाबा आले होते. टी१४० स्टँडवर होती, तिच्यावर बसले, टाकीवर हात ठेवला आणि उजव्या पायानं गियर चाचपला. ब्रेक दबला.

"हिचा गियर कुठाय रे?"

"डावीकडे, बाबा."

जरा वेळ गप्प राहिले. मग भिंतीवरच्या फोटोकडे हात केला. "आणि ती लाल विकलीस होय?"